बाभळीला पाइन करू नका

आज आपण बोन्सायकडे कला म्हणून बघणार आहोत. आणि कला म्हटली की टीका आलीच. आमची तक्रार थोडक्यात अशी: आपल्याकडे बाभळीचं बोन्साय होतं, पण बाभळीकडे नीट न बघता.

आधी ओळख. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत लोक ज्यांना सरसकट बाभूळ म्हणतात, ती वेगवेगळी झाडं आहेत. बांधावरची खरी बाभूळ म्हणजे जोडीनं येणारे सरळ पांढरट काटे, पिवळे गोल गोंडे आणि मणी ओवावेत तशी करडी शेंग. हिवराची साल फिकट, गोंडे दुधी आणि मोठ्या झुपक्यांत. वेडी बाभूळ अमेरिका खंडातून आलेली. तिची फुलं गोंड्यात नाही, लांबट तुऱ्यात येतात. सुबाभळीला काटेच नाहीत. आणि रस्त्याकडेला, कारखान्यांच्या कुंपणाशी दिसते ती ऑस्ट्रेलियन बाभूळ. तिलाही काटे नाहीत. तिचं जे पान वाटतं ते खरं तर चपटा झालेला देठ असतो. रोप लहान असताना मात्र तिला बाभळीसारखीच पिसाऱ्याची पानं येतात, म्हणून नर्सरीत फसायला होतं.

नावाचाही गोंधळ बघा. 'अकेशिया' हे नाव मुळात ग्रीकांनी इजिप्तच्या काटेरी झाडाला दिलेलं, म्हणजे आपल्याच बाभळीला. पण 2005 साली व्हिएन्नाच्या वनस्पतिशास्त्र परिषदेत ते नाव ऑस्ट्रेलियन झाडांकडे गेलं आणि 2011 साली मेलबर्नला तो निर्णय कायम झाला. आपली बाभूळ आता 'व्हॅचेलिया निलोटिका'. त्यामुळे नुसतं 'अकेशिया' लिहिलेल्या चिठ्ठीवरून कुंडीत काय आहे ते कळत नाही.

हा काथ्याकूट कशासाठी? कारण बोन्साय हा प्रमाणाचा खेळ आहे. ऑस्ट्रेलियन बाभळीचं ते 'पान' वीतभर लांब होतं. हातभर उंचीच्या झाडावर ते केळीच्या पानासारखं वाटणार. खऱ्या बाभळीची पर्णिका मात्र तांदळाच्या दाण्याहून लहान. खोडाला काळ्या भेगा लवकर पडतात, म्हणजे वयाचा आभासही आपसूक येतो. निसर्गानं अर्धं काम करून दिलंय!

आणि इथेच आपला कलाकार चुकतो. तो तार गुंडाळतो, फांद्या खाली वाकवतो, थर पाडतो आणि बाभळीचा जपानी पाइन करतो. बाभूळ अशी कुठे उभी असते का? निघोजे-महाळुंगे भागात बांधावर उरलेली एखादी बघा. बुंधा जरा तिरका, फांद्या वर जाऊन फुटलेल्या, माथा छत्रीसारखा पसरट आणि विरळ. खालून आभाळ दिसतं.

दक्षिण आफ्रिकेतल्या बोन्सायकारांनी हे ओळखलं. चार्ल्स सेरोनियो यांनी माळरानावरच्या काटेरी झाडांवरून 'पिअरनीफ शैली' मांडली. नाव दिलं चित्रकार पिअरनीफ यांचं, ज्यांच्या चित्रांत ती झाडं आहेत. जपानकडून त्यांनी शिस्त घेतली, आकार आपल्या मातीतून घेतला. आम्ही मागतोय ते एवढंच.

करायचं कसं? बी कडक असतं, गरम पाण्यात रात्रभर भिजवा. भरपूर ऊन, निचऱ्याची माती. मुळांची छाटणी उन्हाळ्याच्या तोंडाशी आणि थोडी थोडी. एकदम कापली तर फांद्या वाळतात. तारेपेक्षा कात्रीनं घडवा. फांदी वाढू द्या, कापा, पुन्हा वाढू द्या.

बांधावरचं झाड मात्र उपटून आणू नका. या पट्ट्यात शेताचे प्लॉट झाले तसे बांध गेले, आणि बांधाबरोबर बाभळी. नांगर, गाडीची चाकं, डिंक, दातून, शेळ्यांचा चारा हे सगळं देणारं झाड 'काटेरी झुडूप' म्हणून साफ होतं. कुंडीतली बाभूळ त्याची भरपाई करणार नाही. पण बाभूळ कशी दिसते हे न बघितलेल्या मुलाला ती खरा आकार दाखवू शकते. तिथेही आपण पाइनच दाखवला, तर त्या मुलाला बाभूळ कुठे भेटणार?