लॅपटॉप मोकळा झाला, मजकुराचे काय?

विंडोज १० साठी नेहमी मिळणाऱ्या मोफत सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय आणि त्यामानाने नवा प्रोसेसर लागतो. रत्नागिरीतील माझ्या एका शिक्षक मित्रांचा दहा वर्षांचा, चांगला चालणारा लॅपटॉप त्यामुळे एकाएकी 'जुना' ठरला. अशा वेळी 'त्यावर लिनक्स घाला' हा सल्ला हमखास मिळतो. सल्ला चुकीचा नाही, अपुरा आहे.

लिनक्सचा गाभा लिनस टोर्वाल्ड्स यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केला. त्याभोवती उभ्या राहिलेल्या डेबियन, उबुंटू, मिंट या मुक्त-स्रोत प्रणाली विनामूल्य मिळतात. सी-डॅकने डेबियनवर बेतलेली 'बॉस' ही भारतीय प्रणालीही काढली. यांपैकी बहुतेक प्रणाली आतल्या डिस्कला हात न लावता पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येतात. वायफाय, आवाज, प्रोजेक्टर त्याच वेळी तपासावेत. (प्रत्यक्ष बसवताना बॅटरी पूर्ण भरलेली असावी. कोकणातल्या पावसात वीज केव्हा जाईल, सांगता येत नाही.)

मित्रांकडे हे सारे दोन तासांत झाले. मग त्यांनी जपून ठेवलेली जुनी प्रश्नपत्रिका उघडली, तर पडद्यावर रोमन अक्षरांचे आणि चिन्हांचे कडबोळे! फाइल बिघडली नव्हती. युनिकोडपूर्व फाँटांतला मजकूर संगणकाच्या लेखी मराठी नसतोच. इंग्रजी अक्षराच्या संकेतांकावर 'क' चे किंवा वेलांटीचे चित्र बसवलेले असते, इतकेच. फाँट गेला की चित्र जाते. युनिकोडमध्ये मात्र 'क' ला स्वतःचा संकेतांक आहे, ०९१५, आणि तो विंडोज, लिनक्स, मोबाइल सर्वत्र एकच. आपली फाइल कोणत्या प्रकारची आहे, हे पाहायचे तर त्यातला परिच्छेद नोटपॅडमध्ये चिकटवावा. मराठी टिकली तर युनिकोड.

'आधी फाइलींची प्रत काढा' एवढे सांगून सल्लागार मोकळे होतात, ही माझी तक्रार आहे. प्रत निघते, पण वाचता येत नाही. फाँटची फाइल हाती असेल तर ती लिनक्सवर टाकून मजकूर दिसेल. तरी त्यात मराठी शब्द शोधता येणार नाही. युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने आहेत, पण फाँटचे नेमके नाव माहीत हवे. शिवाय 'कि' मधली वेलांटी जुन्या फाँटांत 'क' च्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये नंतर. रफाराचेही असेच. रूपांतर चुकते ते बहुधा इथेच, म्हणून मजकूर डोळ्यांखालून घालावाच लागतो. हे काम जुनी प्रणाली शाबूत असतानाच उरकायला हवे होते.

मित्रांच्या शाळेच्या कार्यालयातील एका संगणकावर तो फाँट अजून आहे. मधल्या सुट्टीत तिथे बसून ते रोज दोन-तीन प्रश्नपत्रिका बदलून घेतात.