पाश्चेनचा नियम आणि अतिक्रांतिक वायू : अध्यापनाच्या दृष्टीने एक चिकित्सा

फ्रीड्रिख पाश्चेन यांनी 1889 मध्ये मांडलेला नियम पदवीच्या वर्गात बहुधा एकाच वाक्यात सांगितला जातो : वायूतून ठिणगी पाडणारे विभवांतर हे दाब आणि इलेक्ट्रोडांमधील अंतर यांच्या गुणाकारावर अवलंबून असते. हे विधान चुकीचे नाही. परंतु मर्यादा न सांगता ते शिकविणे अपुरे आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

पहिला आक्षेप चलराशीविषयी आहे. इलेक्ट्रॉनाची टक्कर रेणूंशी होते. म्हणून मूळ राशी रेणूंची संख्याघनता होय. कमी दाबाला व स्थिर तापमानात दाब आणि घनता समप्रमाणात असल्याने हा भेद जाणवत नाही. कार्बन डाय-ऑक्साइडचे क्रांतिक तापमान मात्र 31 अंश सेल्सिअस व क्रांतिक दाब 73.8 बार आहे. जळगावच्या उन्हाळ्यात हे तापमान सहज ओलांडले जाते. 40 अंशांस दाब 80 वरून 100 बार, म्हणजे केवळ 25 टक्क्यांनी वाढविला, तर घनता प्रति घनमीटर सुमारे 278 वरून 629 किलोग्रॅमपर्यंत जाते. येथे दाबाचा गुणाकार दिशाभूल करतो.

दुसरे असे की, क्रांतिक बिंदूजवळ सरासरी घनताही पुरेशी ठरत नाही. तेथे रेणूंचे पुंजके सतत बनतात व विरतात. विरळ जागी इलेक्ट्रॉनास दोन टकरींमध्ये अधिक ऊर्जा मिळते. इटो व तेराशिमा यांनी 2002 मध्ये मायक्रोमीटर अंतराच्या इलेक्ट्रोडांवर याच बिंदूजवळ भंगविभव घटल्याचे दाखविले.

तिसरे, या नियमात काळ नाही. नॅनोसेकंदांच्या स्पंदात पहिला इलेक्ट्रॉन उपलब्ध होण्यास आणि स्ट्रीमर वाढण्यास वेळ अपुरा पडतो. त्यामुळे वायू स्थिर विभवापेक्षा अधिक विभव सहन करतो.

हा वाद केवळ पुस्तकी नाही. धुळे येथे 765 किलोव्होल्टचे उपकेंद्र आहे. या श्रेणीच्या सर्किट ब्रेकरमध्ये वापरला जाणारा सल्फर हेक्झाफ्लोराइड, शंभर वर्षांच्या हिशेबाने, कार्बन डाय-ऑक्साइडच्या वीस हजार पटींहून अधिक तापमानवाढ घडवितो. त्याला पर्याय म्हणून उच्च दाबाच्या नायट्रोजन व कार्बन डाय-ऑक्साइडचा अभ्यास होत असताना आपल्या विद्यार्थ्याजवळ केवळ निर्वात नलिकेतील नियम असावा, हे योग्य नव्हे.

पाश्चेन यांच्या नियमाचे महत्त्व यामुळे कमी होत नाही. मात्र फळ्यावर तो लिहिताना दाबाच्या जागी संख्याघनता लिहावी आणि त्याखाली ‘स्थिर विभव, क्रांतिक बिंदूपासून दूर’ एवढी अट जोडावी. एका ओळीच्या या भरीने नियम अधिक प्रामाणिक होईल.