पायांखालची माती

माउली, रिंगणात अश्व धावून गेला की आपण सारे पुढे झेपावतो आणि त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतो. त्या मातीचे मोल आपल्याला कुणी समजावून सांगावे लागत नाही. म्हणून दूरदेशीच्या एका मातीच्या चित्राविषयी तुमच्याशीच बोलावेसे वाटले.

स्पेनच्या टेनेरिफ बेटावर ला ओरोतावा नावाचे गाव आहे. कॉर्पस क्रिस्ती या ख्रिस्ती सणाच्या दिवसांत तेथील नगरपालिकेपुढच्या चौकात सुमारे 900 चौरस मीटरचे चित्र जमिनीवर घालतात. विकतचा रंग एकही नाही. तेइदे ज्वालामुखीच्या परिसरातली माती आणि वाळू आणायची आणि तिच्या मूळच्या काळ्या, तांबड्या, पिवळसर, करड्या छटांतून धर्मकथेतले प्रसंग उभे करायचे. महिनाभराहून अधिक काळ हे काम चालते. रस्त्यांवर फुलांचे गालिचे असतात. ती रीत 1847 साली एका घराण्यातील बाईने आपल्या दारापुढे सुरू केली. मिरवणूक त्या फुलांवरून जाते आणि सारे विस्कटते.

मी हे सारे छायाचित्रांतच पाहिले. वस्त्रांच्या चुण्या, चेहऱ्यांवरचा उजेड, सगळे थक्क करणारे. तरी दोन गोष्टी खटकल्या. मातीचे ते चित्र पुरते दिसते ते नगरपालिकेच्या सज्जातून. चौकात उभ्या असलेल्या माणसाच्या वाट्याला नुसती कड येते. आणि तैलचित्राची नक्कल इतकी हुबेहूब साधली आहे, की ही माती आहे हेच विसरायला होते. मला चित्रापेक्षा भोवतालची वेलबुट्टी आवडली. तिथे वाळूचा खरखरीतपणा लपवलेला नाही. गिनीज बुकात आकाराची नोंद झाली, तिचे मला फारसे कौतुक नाही.

पण त्यांना बोल लावताना आपलीही वाट आठवते. पालखीपुढे रांगोळीच्या पायघड्या घालतात त्या पावलांसाठी. अलीकडे काही ठिकाणी रांगोळीभोवती दोरी दिसते. ‘कडेने चला’ म्हणतात, मोबाइलवर फोटो घेतात. गेल्या वारीत मीही मुकाट्याने वळसा घेतला. मागून एक आजी आल्या. डोक्यावरचे तुळशीवृंदावन एका हाताने सावरत त्यांनी दोरी उचलली आणि सरळ रांगोळीवरून चालू लागल्या. रांगोळी काढणारी पोर आता ओरडणार, असे वाटले. ती पुढे आली, आजींच्या पायांना लागलेला गुलाल तिने बोटाने टिपला आणि आपल्या कपाळाला लावला.