स्थलनिर्देशक नकाशांतील नामलेखन : कोकणातील खाड्यांच्या निमित्ताने

वाशीम जिल्ह्यातील रिठद हे नाव रोमन लिपीत लिहिले, की त्यातील दुसरे अक्षर 'ठ' की 'थ' आणि तिसरे 'द' की 'ड', हे ठरविण्याचे साधन उरत नाही. हंटर यांच्या लिप्यंतरपद्धतीत स्वरांच्या दीर्घत्वाची सोय आहे. मूर्धन्य व दंत्य वर्णांचा भेद दाखविण्याची नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या इंग्रजी नकाशांतील ग्रामनामे याच पद्धतीची आहेत.

अंतर्भागातील एका गावापुरता हा दोष क्षुल्लक वाटेल. कोकणच्या किनाऱ्यावर मात्र तो अभ्यासास बाधक ठरतो. दापोली तालुक्यातील 'कोळथरे' घ्या. रोमन अक्षरांवरून 'कोल' वाचणारा संशोधक कोल्ह्याकडे वळेल, 'कोळ' ऐकणारा कोळ्यांकडे. दुसरी व्युत्पत्ती सिद्ध आहे असे नव्हे. परंतु पहिली उच्चाराच्या कसोटीवरच बाद होते.

याहून सूक्ष्म प्रश्न जलनामांचा आहे. महाबळेश्वरी उगम पावणारी सावित्री समुद्रास मिळते ती बाणकोटची खाडी म्हणून. वाशिष्ठी दाभोळची खाडी होते, शास्त्री जयगडची, कुंडलिका रेवदंड्याची. वरच्या अंगास नदीचे स्वतंत्र नाव, खालच्या अंगास बंदराचे, अशी ही व्यवस्था आहे. पहिले नाव उगमाकडून पाहणाऱ्याचे, दुसरे समुद्रावरून गलबत आणणाऱ्याचे, असे अनुमान यावरून करता येते. दोहोंची संधी भरतीच्या पाण्याच्या मर्यादेपाशी असावयास हवी. आणि ती मर्यादा ऋतुमानाप्रमाणे व गाळाप्रमाणे सरकते. नकाशात मात्र नाव कोठे छापले यावरूनच वाचक सीमा कल्पितो.

या नकाशांची थोरवी नाकारण्याचा हेतू नाही. मैलास एक इंच या प्रमाणावरील जुन्या पत्रकांत समोच्च रेषा, दलदल, पायवाटा व तरी ज्या काटेकोरपणे नोंदल्या आहेत, त्यास तोड नाही. जुन्या व नव्या आवृत्त्या ताडून पाहिल्यास पात्राचा पालटही कळतो. परंतु रेषेचे प्रामाण्य अक्षरास आपोआप लाभत नाही. रेषा मोजलेली असते. नाव ऐकलेले असते, आणि ऐकणारा बहुधा परभाषी असतो.

म्हणून स्थलनामांवर प्रबंध लिहिणाऱ्याने नकाशातील नाव हा पुरावा न मानता केवळ निर्देश मानावा. महसुली दप्तरातील मोडी वा देवनागरी लेखन आणि गावकऱ्यांचा उच्चार या दोहोंशी ते ताडून पाहिल्यावाचून त्यावर व्युत्पत्तीची इमारत उभारू नये.