शंभर मीटर आणि जोगेश्वरीचे पाणी

मुंबईत वारसा-धोरणाची चर्चा बहुधा फोर्टातल्या दगडी इमारतींभोवती फिरते. त्या धोरणाची खरी कसोटी मला उपनगरात, जोगेश्वरीच्या लेण्यात दिसते. वॉल्टर स्पिंक यांनी हे शैव लेणे सहाव्या शतकाच्या पूर्वार्धातले, घारापुरीच्याही आधीचे मानले. आत योगेश्वरीची पूजा आजही चालू आहे. मात्र लेणे भोवतालच्या जमिनीखाली कोरलेले आहे, पायऱ्या उतरून आत जावे लागते. माथ्यावर व सभोवती दाट वस्ती असल्याने पावसाबरोबर सांडपाणीही झिरपते. खडक ठिसूळ, त्यामुळे अनेक शिल्पे पार झिजून गेली आहेत.

यावर कायद्याचे उत्तर अंतराचे आहे. १९९२च्या अधिसूचनेने स्मारकाभोवतीचे १०० मीटर प्रतिबंधित आणि पुढचे २०० मीटर नियंत्रित ठरवले. २०१०च्या दुरुस्तीने ते मूळ १९५८च्या अधिनियमातच घातले. प्रतिबंधित पट्ट्यात १६ जून १९९२ पूर्वीच्या घराची दुरुस्ती परवानगीने करता येते. नवी इमारत उभारता येत नाही. माळावरच्या एकाकी मंदिराला हे माप शोभते. जोगेश्वरीत त्याने पुनर्विकास अडतो, जुनी घरे जागच्या जागी राहतात आणि पाणीही पूर्वीच्याच वाटेने खाली येते.

अतिक्रमण हटवा, ही मागणी रास्त असली तरी पुनर्वसनाला वर्षे लागतात. पाऊस दर जूनला येतो. आणि इथे कायद्याला दोष देऊन सुटताही येणार नाही. ‘बांधकाम’ या शब्दाच्या त्यातल्याच व्याख्येतून गटारे, सार्वजनिक शौचालये आणि पाणीपुरवठ्याची कामे वगळली आहेत. प्रत्येक स्मारकासाठी स्वतंत्र वारसा उपविधी करण्याची तरतूदही २०१०पासून आहे. म्हणजे वाट ठेवलेली आहे. पण लेणे पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे, गटारे महानगरपालिकेकडे, घरांचा प्रश्न झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाकडे. पाणी मात्र या तिघांच्या हद्दी पाळत नाही.

म्हणून माझे म्हणणे एवढेच की, जोगेश्वरीच्या संवर्धनाचा पहिला कागद सांडपाण्याचा नकाशा असावा. कोणत्या गल्लीतले पाणी कोठे मुरते, हे वर राहणाऱ्यांना ठाऊक असते. त्यांना केवळ अतिक्रमक म्हणून मोजणारे धोरण ही माहिती गमावून बसते आणि तिची किंमत शेवटी लेणेच मोजते.