'सिंगिन इन द रेन' : आनंद, आवाज आणि श्रेय

प्रस्तावना :
हॉलिवूडच्या संगीतपटांची परंपरा मोठी असली तरी पिढ्यान् पिढ्या आवडीने पाहिले जाणारे संगीतपट थोडेच आहेत. मेट्रो-गोल्डविन-मेयर या संस्थेचा, जीन केली व स्टॅन्ली डोनन यांनी दिग्दर्शित केलेला 'सिंगिन इन द रेन' (१९५२) हा त्यांपैकी अग्रगण्य होय. ऑस्करची दोन नामांकने मिळूनही त्यास एकही पारितोषिक लाभले नाही. तथापि १९८९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीतील पहिल्या २५ चित्रपटांत त्याचा समावेश झाला आणि २०२२ च्या 'साइट अँड साउंड' नियतकालिकाच्या समीक्षकांच्या कौलात त्याला दहावे स्थान मिळाले. हे टिकाऊ आकर्षण केवळ गीत-नृत्यांचे आहे काय, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

जुनी गाणी, नवी कथा :
या चित्रपटातील बहुतेक गाणी नवी नव्हती. निर्माते आर्थर फ्रीड यांनी संगीतकार नेसिओ हर्ब ब्राउन यांच्यासह पूर्वी रचलेली गाणी पटकथाकार बेटी कॉमडेन व अडॉल्फ ग्रीन यांच्या हाती देण्यात आली. शीर्षकगीत तर १९२९ च्याच एका बोलपटात येऊन गेले होते. गाणी बोलपटाच्या उदयकाळातील असल्याने कथाही त्याच काळात, १९२७ मध्ये, घडविण्यात आली. त्यामुळे गाणी कथेवर लादलेली न वाटता तिच्यातूनच उमललेली वाटतात.

शीर्षकगीताचा प्रसंग या दृष्टीने लक्षणीय आहे. प्रेयसीला निरोप देऊन नायक मोटार परत पाठवतो, छत्री मिटतो आणि डबक्यांतून पाणी उडवत नाचतो. पोलीस समोर येताच तो भानावर येतो व छत्री एका वाटसरूला देऊन निघून जातो. येथे कोणतीही भव्यता नाही. रस्ता, दिव्याचा खांब आणि पाऊस एवढ्याच सामग्रीतून प्रौढ माणसातले मूल प्रकट होते. याउलट उत्तरार्धातील दीर्घ 'ब्रॉडवे' नृत्य नेत्रदीपक असूनही कथेचा ओघ थांबवते, हे मान्य करावे लागेल.

आवाज कोणाचा? :
कथेचा गाभा मात्र आवाजाच्या मालकीचा आहे. मूकपटाची तारका लीना हिचा कर्कश आवाज बोलपटात हास्यास्पद ठरतो, म्हणून नवोदित कॅथी पडद्याआड राहून तिच्यासाठी बोलते व गाते. अखेरीस पडदा वर जातो आणि खरी गायिका प्रेक्षकांना दिसते. श्रेयाचा हा न्याय प्रेक्षकाला मनोमन सुखावतो.

परंतु प्रत्यक्ष निर्मितीत घडले ते निराळेच. कॅथीची भूमिका करणाऱ्या डेबी रेनॉल्ड्स यांच्यासाठी काही गायन बेटी नॉइस यांनी केले. श्रेयनामावलीत त्यांचे नाव नाही. कॅथी लीनासाठी संवाद म्हणते त्या प्रसंगी ऐकू येणारा आवाज तर लीना साकारणाऱ्या जीन हेगन यांचा स्वतःचाच आहे! ज्या अन्यायावर चित्रपट बोट ठेवतो, तोच त्याच्या निर्मितीतही घडला. भारतीय रसिकांनाही हा प्रश्न अपरिचित नाही. 'महल' (१९४९) मधील गीताच्या ध्वनिमुद्रिकेवर प्रारंभी लता मंगेशकर यांच्या नावाऐवजी 'कामिनी' हे पात्राचे नाव छापले गेले होते.

निष्कर्ष :
या विसंगतीमुळे चित्रपटाचे मूल्य उणावते असे नाही. उलट त्यातील प्रश्न किती खरा होता, याचीच ती साक्ष होय. पावसातील नृत्याचा आनंद प्रेक्षकाला पहिल्याच भेटीत मिळतो. पडद्यामागच्या आवाजाचा विचार पुनःपुन्हा पाहताना जागा होतो. या दोहोंच्या मेळातच चित्रपटाच्या चिरतारुण्याचे रहस्य आहे. कॅथीसाठी पडदा वर गेला, बेटी नॉइस यांच्यासाठी तो गेला नाही, याचे स्मरण ठेवणे हेही समीक्षेचे कर्तव्य ठरते.