चांदीवर शिक्का आहे, खड्याचं काय?

ठाण्यात काय, डोंबिवलीत काय, चांदीच्या दागिन्यांचं प्रदर्शन भरलं की 'व्हिंटेज' हा शब्द कानावर येतोच. अशाच एका प्रदर्शनात घेतलेलं पेंडंट मी आज सोबत आणलंय. काळपट चांदी, मधे निळा फिरोजा, भोवती शिंपल्याच्या पाकळ्या. देखणं आहे, हे आधीच सांगतो. घेताना मला दोन गोष्टी सांगितल्या गेल्या: जुनं आहे आणि खडे अस्सल आहेत. दोन्ही तपासून बघू.

आधी 'जुनं'. काळेपणा म्हणजे वय नव्हे. बाजारात याला ऑक्सिडाइज्ड म्हणतात, पण हा थर असतो सिल्व्हर सल्फाइडचा, म्हणजे चांदी आणि गंधकाचा. आजीच्या पेटीत तो हळूहळू चढतो. कारागिराकडे गंधकयुक्त द्रावणात बुडवला की काही मिनिटांत चढतो. वय बघायचं तर झीज बघा. रोज साखळी घासली की कडी आतून एका जागी झिजते, मागची बाजू गुळगुळीत होते. याची कडी कोरी आहे.

आता खडे. भिंगातून बघितलं तर फिरोज्याचा निळा रंग सगळीकडे एकसारखा, आणि तुकड्यांमधे रेझिनच्या बारीक रेघा. फिरोज्याचे तुकडे, भुकटी रेझिनमध्ये घट्ट बसवून त्याची वडी करतात आणि ती कापून असे खडे काढतात. पाकळ्याही शिंपल्याच्या चुऱ्याच्याच आहेत. सलग शिंपल्यात थर दिसतात, ते इथे नाहीत.

मग हे वाईट काम आहे का? मला तसं वाटत नाही. अमेरिकेत १९३० च्या मंदीत सांतो दोमिंगो पुएब्लोतल्या मूलनिवासी कारागिरांनी फिरोज्याबरोबर जुन्या बॅटऱ्यांची खोकी आणि ग्रामोफोनच्या तबकड्या कापून हार घडवले. संग्राहक आज ते आवडीने जपतात, आणि त्यात काय वापरलंय ते जाणूनच जपतात. या पेंडंटची जडणघडणही सफाईची आहे. माझी तक्रार आहे ती न सांगण्याबद्दल.

१ सप्टेंबर २०२५ पासून चांदीलाही सहा अक्षरी-अंकी एचयूआयडीसह हॉलमार्क मिळतो, पण तो ऐच्छिक आहे. आणि तो बोलतो फक्त धातूच्या शुद्धतेबद्दल. '९२५' म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी. खड्याबद्दल तो अवाक्षर काढत नाही.

याची झळ कधी लागते? मोडीच्या वेळी. माझ्याकडून घेताना खड्यांसकट वजनाचे पैसे घेतले होते. परवा मोड विचारायला गेलो, तर सराफाने सांगितलं, खडे काढून उरेल तेवढ्याच चांदीचे पैसे मिळतील. अडीअडचणीला दागिना मोडणाऱ्या बाईला हा फरक किती महाग पडत असेल, विचार करा.

म्हणून बिलावर दोन ओळी मागा: निव्वळ चांदीचं वजन किती, आणि खडा अखंड की भुकटीचा. तेवढं लिहून दिलं असतं, तर हेच पेंडंट मी आनंदाने घेतलं असतं, योग्य भावात.

आता तुमचे प्रश्न घेऊ या.